स्त्रिया, सायकल आणि पुणे : ‘प्रोत्साहन’ या शब्दाची चिकित्सा

तयारी आम्ही काही जणांनी मिळून केली आहे, म्हणून बोलणारा आवाज एक असला तरी आम्ही ‘आम्ही’ असंच म्हणणार आहोत.

विषय साधा आहे. पुण्यासारख्या शहरात स्त्रियांनी जास्त संख्येनं सायकल चालवावी, यासाठी काय करावं? या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे, ते म्हणजे ‘प्रोत्साहन द्यावं’. महापालिकेच्या पत्रकात हाच शब्द असतो, रोटरीच्या फलकावर हाच असतो, वर्तमानपत्राच्या पुरवणीतही हाच. आज आम्हाला या एका शब्दाचीच चिकित्सा करायची आहे. कारण आमचं म्हणणं असं आहे की हा शब्द दिसतो तितका निरुपद्रवी नाही. तो प्रश्न चुकीच्या माणसाकडे नेऊन सोडतो.

आता बघा, ‘प्रोत्साहन’ कोणाला देतात? ज्याच्यात उत्साह कमी आहे त्याला. अभ्यासाचा कंटाळा करणाऱ्या मुलाला, व्यायाम टाळणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णाला. म्हणजे ‘स्त्रियांना सायकलसाठी प्रोत्साहन’ म्हटलं की त्यात एक निदान आधीच गृहीत धरलेलं असतं. रस्ता ठीक आहे, सायकल ठीक आहे, नियम ठीक आहेत, कमी पडतोय तो बाईचा उत्साह. त्या निदानावरचा उपचारही मग तसाच असतो : रॅली, घोषवाक्य, टी-शर्ट, पदक, सेल्फी.

८ मार्चच्या आसपास निघणारी रॅली डोळ्यांसमोर आणा. रविवारची सकाळ, गुलाबी टोप्या, कोणीतरी मान्यवर झेंडा दाखवतात. पुढे पोलिसांची गाडी, मागे रुग्णवाहिका, चौकाचौकांत वाहतूक थोपवून धरलेली. बायका आनंदानं सायकल चालवतात, मुली हसतात, आज्याही येतात. तासाभरात रॅली संपते, वाहतूक सुटते आणि त्या रस्त्यावर पुन्हा सायकलवरची बाई दिसत नाही. या कार्यक्रमांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. पण त्यात एक पुरावा आहे, तो आयोजकांच्याच लक्षात येत नाही. वाहतूक थांबवल्याबरोबर शेकडो बायका सायकलवर बसल्या. म्हणजे उत्साह होताच की! त्या तासात बदलला तो रस्ता. बायका आदल्या दिवशीच्याच होत्या.

थोडा इतिहास बघू, कारण पुण्यात सायकलचा विषय निघाला की इतिहास निघतोच. पुणे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. खडकीच्या कारखान्यांकडे जाणारे कामगार, कॉलेजचे विद्यार्थी, कारकून, पेपरवाले, दूधवाले, सगळे सायकलवर. त्या आठवणी सांगताना आपण जरा हळवे होतो, आणि त्या हळवेपणात एक गोष्ट राहून जाते. त्या गर्दीत बहुतेक पुरुष होते. शाळा-कॉलेजच्या मुली होत्या, शिक्षिका होत्या, नर्सबाई होत्या, पण त्या उठून दिसाव्यात इतक्या कमी होत्या. तेव्हा ‘जुनं सायकलींचं पुणं परत आणू’ ही घोषणा बायकांसाठी फारशी उपयोगाची नाही. त्यांना परत जायचं नाहीये, कारण त्या तिथे पुरेशा कधी नव्हत्याच.

बायका मोठ्या संख्येनं रस्त्यावर आल्या त्या सायकलवरून नाही, इंजिनावरून आल्या. आणि ही गोष्टही पुण्याशीच जोडलेली आहे. १९७२ साली पुण्याच्याच कायनेटिक कंपनीनं लुना आणली. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. पुढे नव्वदच्या दशकात स्कूटी आली आणि या शतकाच्या सुरुवातीला ॲक्टिव्हा. त्याच्याही कितीतरी आधी, पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून इरावती कर्वे यांचं नाव आदरानं घेतलं जातं. आज पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला उभे राहा. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळलेला, हातांत लांब मोजे, पायाशी भाजीची पिशवी, मागे शाळेचं पोर. या बाईला दुचाकी चालवण्याची भीती वाटते असं म्हणण्याचं धाडस कोण करेल? पीएमपीच्या बसशेजारून, खड्डा चुकवत, उलट्या दिशेनं येणाऱ्याला दोन शब्द सुनावत ती रोज जाते.

म्हणून पहिला निष्कर्ष असा. पुण्यातल्या स्त्रीकडे धैर्य कमी आहे, तोल कमी आहे किंवा घराबाहेर पडण्याची इच्छा कमी आहे, हे निदान टिकत नाही. तिनं सायकल आणि स्कूटर या दोन्हींचा हिशेब मांडला आणि स्कूटर निवडली.

तो हिशेब काय आहे, तेही बघू. वाहतूक नियोजनाची मंडळी जिला ‘ट्रिप’ म्हणतात, ती पुरुषाच्या बाबतीत बहुधा सरळ असते. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. बाईची ट्रिप बहुतेक वेळा साखळीची असते. घरातून निघायचं, मुलाला शाळेत सोडायचं, वाटेत दळण टाकायचं, कामावर जायचं, येताना भाजी, सासऱ्यांची औषधं, मुलाला क्लासवरून घ्यायचं, दळण उचलायचं आणि कुकर लावायच्या वेळेला घरी. प्रत्येक टप्पा छोटा, एक-दोन किलोमीटरचा. कागदावर बघितलं तर सायकलसाठी याहून चांगलं अंतर नाही. पण या साखळीत तिच्याबरोबर नेहमी काहीतरी असतं, मूल किंवा ओझं. आणि वेळ मोजून मापून असतो. त्या वेळेत एकटीनं वेगळा धोका पत्करता येतो, पण मागे पोर बसलेलं असताना नाही. स्कूटर तिला वाहतुकीच्या वेगाबरोबर राहू देते. सायकल त्याच रस्त्यावर तिला सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत कडेला ढकलते, जिथे रिक्षा थांबतात, गाड्यांची दारं उघडतात, चेंबरची झाकणं खचलेली असतात.

याच ठिकाणी नियोजनाची चिकित्सा करावी लागते. पुण्यानं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं ‘वाहनं हलवू नका, माणसं हलवा’ अशा अर्थाची दिशा दिली. त्याच सुमारास जेएनएनयूआरएमचा केंद्राचा पैसा आला, स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बीआरटी सुरू झाली आणि काही रस्त्यांना सायकल मार्ग मिळाले. मग डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं त्यात कल्पिलेलं होतं. भारतातल्या शहरांत इतका तपशीलवार सायकल आराखडा दुर्मीळच, हे मान्य केलं पाहिजे.

पण आपण जमिनीवर येऊ. पुण्यातला सायकल मार्ग कसा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. तो पदपथाच्या उंचीवर असतो. पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात. मध्येच बसथांबा येतो, मग डीपीचा लोखंडी डबा, मग झाड, मग वडापावची गाडी. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून खांब रोवलेले असतात, त्यांतून मोटारसायकल जाते पण मागे कॅरिअरला टोपली बांधलेली सायकल अडकते. आणि नेमका चौक आला की मार्ग संपतो. चौकात, जिथे गरज सगळ्यांत जास्त, तिथे सायकलवाल्याला गर्दीत सोडून दिलं जातं. आपले सायकल मार्ग किलोमीटरमध्ये मोजले जातात, चौकांमध्ये मोजले जात नाहीत. एकट्या तरुण पुरुषाला हे अडथळे त्रासाचे वाटतात, पण तो खाली उतरून वाहतुकीत घुसतो आणि पुढे जातो. पाठीमागे मूल घेतलेल्या बाईसाठी असा एक तुटका दुवा म्हणजे पूर्ण रस्ता बंद. दहा ठिकाणी सुरक्षित आणि एका ठिकाणी जिवावरचा, असा मार्ग तिच्या दृष्टीनं धोक्याचाच.

त्याच डिसेंबर २०१७ मध्ये सार्वजनिक सायकली आल्या. औंधमध्ये, विद्यापीठात, पिवळ्या-केशरी-हिरव्या सायकली रांगेत उभ्या राहिल्या. मोबाईलवर कुलूप उघडायचं, फिरायचं, कुठेही लावायची. काही महिने उत्साह खूप होता. दोन-तीन वर्षांत ती योजना बारगळली. काही सायकलींची मोडतोड झाली, काही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. याची कारणमीमांसा पुष्कळ झाली आहे, पण एक प्रश्न फार कमी विचारला गेला. या सायकलीचा ग्राहक म्हणून कोण डोळ्यांसमोर होतं? स्वतःचा स्मार्टफोन असलेला, ॲपवरून पैसे भरणारा, एकटा, हातात फारसं सामान नसलेला तरुण. त्या सायकलीवर मुलाला बसवायला जागा नव्हती. दोन डब्यांची पिशवी, दळणाचा डबा ठेवायची सोय नव्हती. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून सकाळी सहाला चार घरची धुणी-भांडी करायला निघणाऱ्या बाईचा विचार त्यात कुठे दिसतो का, हे तुम्हीच शोधून बघा.

इथे कोणी म्हणेल, निर्णय घेणाऱ्यांत बायका नसतात म्हणून असं होतं. हे अर्धंच खरं आहे. महाराष्ट्रानं २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण दिलं. ज्या सभागृहानं २०१७ चा सायकल आराखडा मंजूर केला, त्यात निम्म्या जागा स्त्रियांच्या होत्या आणि महापौरपदी मुक्ता टिळक होत्या. तेव्हा केवळ खुर्चीवर बाई आहे की नाही, एवढ्यानं भागत नाही. आराखडा मंजूर करणं आणि प्रत्येक प्रभागात रस्त्याकडेचं पार्किंग काढून ती जागा सायकलला देणं, यांत फार अंतर आहे. पहिल्याला टाळ्या मिळतात. दुसऱ्याला दुकानदार, मोटारवाले आणि मतदार यांचा राग मिळतो. बाई असो की पुरुष, नगरसेवक तो राग घ्यायला सहसा तयार नसतात.

आता एक छोटं उदाहरण कायद्यातलं देतो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ च्या, १२३ क्रमांकाचा एक नियम आहे. मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निम्म्यापर्यंत झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे मागे बसलेल्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तेच हे. नियम चांगला आहे, त्यानं कितीतरी जीव वाचले असतील. पण त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. स्त्रीचे कपडे आणि फिरतं चाक यांचा विचार नियमकर्त्यांनी केला, आणि त्या विचारात ती मागच्या सीटवर बसलेली आहे. पुढे बसून पेडल मारणाऱ्या बाईची ओढणी, तिची साडी, चेनकव्हर नसलेली चेन, यांकडे कोणी वळलेलं नाही. बाजारात आज ज्या गिअरच्या सायकली मिरवतात, त्यांना चेनकव्हर नाही, मडगार्ड नाही, स्टँडही नसतो. ती सायकल अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांतल्या व्यायामवाल्यासाठी बनलेली आहे. सकाळी साडेपाचला सिंहगडाकडे निघणारे सायकलगट चांगलंच काम करतात, त्यांच्यात स्त्रियाही आहेत. पण त्या वेळेला बहुतेक घरांत बाई कणीक मळत असते. छंदाची सायकल आणि कामाची सायकल यांत आपण फरक केला नाही, तर सायकलचं पुनरुज्जीवन झालं असं वाटत राहील आणि गरज असलेली माणसं पायीच चालत राहतील.

आता दुसरी बाजू. प्रोत्साहनानं काहीच होत नाही का? होतं. याचं सगळ्यांत ठळक उदाहरण तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्याचं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरता मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा मोहिमेचाच भाग केला. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे : लाखाच्या वर ग्रामीण स्त्रिया, बऱ्याचशा नव्यानं अक्षर शिकलेल्या, सायकल चालवायला लागल्या. शेतमजूर बायका, खाणीत काम करणाऱ्या बायका, अंगणवाडी सेविका. बँकांनी सायकलसाठी कर्ज दिलं. आणि एक मजेदार तपशील साईनाथ नोंदवतात : काही बायकांनी मुद्दाम पुरुषांची सायकल पसंत केली, कारण तिच्या दांडीवर मूल बसवता येतं. लेडीज सायकल बायकांसाठी, हे आपण शहरात बसून ठरवतो. तिला काय हवं ते तिच्या कामावरून ठरतं.

दुसरं उदाहरण बिहारचं. २००६ साली तिथल्या सरकारनं नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतली मुलींची योग्य वयातली पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात.

मग या ठिकाणी जे जमलं ते पुण्यात का जमत नाही? आम्हाला वाटतं, इथेच या विषयाची खरी किल्ली आहे. पुदुक्कोट्टईत बाईच्या वाटेत मुख्य अडथळा होता लोकांचा. ‘बाई सायकलवर?’ म्हणून हसणारे, टोमणे मारणारे, चारित्र्यावर बोलणारे. बिहारमध्ये अडथळा होता अंतराचा आणि मुलगी एकटी जाण्याच्या धास्तीचा. या दोन्हींवर समूह हा उपाय असतो. एकटी सायकलवर निघाली तर गाव बोलतं, पन्नास जणी निघाल्या की गाव गप्प बसतं. वर्गातल्या सगळ्या मुली रांगेनं सायकलवर निघाल्या की आईबापाची धास्ती कमी होते. लोकांच्या जिभेवर प्रोत्साहन हा उपाय आहे, डंपरवर तो उपाय नाही. पुण्यात आज सायकलवरच्या बाईला कोणी हसत नाही, फार तर कौतुकच करतात. तिला भीती आहे ती कर्वे रस्त्यावरच्या बसची, सिंहगड रस्त्यावरच्या टँकरची, उलट्या दिशेनं भरधाव येणाऱ्या दुचाकीची. संध्याकाळनंतर दिवे नसलेल्या पट्ट्याची आणि तिथे मुद्दाम जवळून गाडी घालणाऱ्या टारगट पोरांची. गावाकडचं औषध शहरातल्या दुखण्यावर देऊन आपण ‘रुग्णात उत्साह नाही’ असं म्हणतो आहोत.

नेदरलँड्सचं नाव सायकलच्या चर्चेत नेहमी निघतं, आणि तिथे सायकलवरच्या फेऱ्यांत स्त्रियांचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. लोकांना वाटतं, त्यांची ती संस्कृतीच आहे. पण १९७० च्या सुमारास तिथेही मोटारींनी सायकली बाजूला सारल्या होत्या. १९७१ या एका वर्षात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीच्या नावाचा अर्थ होता ‘मुलांची हत्या थांबवा’. ती मंडळी ‘सायकल चालवा’ असं सांगत नव्हती. ती सरकारला ‘मारणं थांबवा’ असं सांगत होती. रस्ते बदलले, आणि बायका-मुलं सायकलवर परतली. क्रम लक्षात घ्या. आधी रस्ता, मग सवय, आणि मग त्या सवयीला लोक संस्कृती म्हणू लागले.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप : पुण्यात रस्ते अरुंद आहेत, पेठांत जागा आहे कुठे? खरं आहे, पेठांत वेगळा मार्ग करता येणार नाही. पण अरुंद गल्लीत वेगळा मार्ग लागतच नाही, तिथे गाड्यांचा वेग कमी असला म्हणजे झालं. अडचण रुंद रस्त्यांवर आहे, आणि तिथे जागा नाही असं नाही. तिथे जागा उभ्या मोटारींना दिलेली आहे. दुसरा आक्षेप : चढ आहेत, ऊन आहे, घाम येतो. हाही खोटा नाही. वारजे, कात्रज, बिबवेवाडीच्या चढावर रोज सायकल मारणं सोपं नाही. विजेवर चालणारी सायकल इथे मदतीला येऊ शकते, पण रस्ता सुरक्षित नसेल तर तीही पार्किंगमध्ये धूळ खाईल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि आम्हाला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बाईला स्कूटर परवडते, ती त्यात खूश आहे, मग तिला सायकलवर आणायचा आग्रह कशाला? पर्यावरणाचं ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर का? मोठाल्या गाड्यांतून एकेकटे फिरणारे पुरुष सोडून ॲक्टिव्हावाल्या बाईला उपदेश का? आम्ही म्हणतो, हा आक्षेप बरोबर आहे. स्कूटरवर बसलेल्या बाईला सायकलवर आणणं हा या कामाचा पहिला हेतू असूच नये. प्रचाराचे सगळे फलक मात्र तिच्याकडेच बघून लिहिलेले असतात.

मग सायकल कोणासाठी? तीन जणी आमच्या डोळ्यांसमोर येतात.

पहिली, जिला स्कूटर परवडत नाही ती. घरकाम करणारी, स्वयंपाकाची कामं करणारी, दुकानात उभी राहणारी. ती आज पायी चालते किंवा बसची, सहा आसनी रिक्षाची वाट बघते. पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांचंच बघा. त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, स्वच्छ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. या बायका रोज सकाळी चाकांची ढकलगाडी घेऊन याच रस्त्यांवर असतात. शहरातल्या रस्त्यांवर स्वतःच्या ताकदीनं चाक फिरवणाऱ्या स्त्रियांची ही केवढी मोठी संख्या! त्यांच्या गाडीला चढता येईल असा उतार, त्यांना न दामटणारी वाहतूक, हा सायकल आराखड्याचा विषय व्हायला नको का? जो रस्ता ढकलगाडीला सोपा, तो सायकलला सोपा, तोच चाकाच्या खुर्चीलाही सोपा.

दुसरी, पन्नाशी-साठी ओलांडलेली स्त्री, जी स्कूटर कधी शिकली नाही किंवा आता सोडते आहे. तिला देऊळ, मंडई, बँक, बहिणीचं घर इतकंच फिरायचं असतं. आज ती मुलाच्या, सुनेच्या सोयीची वाट बघते.

आणि तिसरी, दहा ते अठरा वर्षांची मुलगी. हिच्यासाठी आम्ही आज इथे उभे आहोत, असं म्हटलं तरी चालेल. मोटार वाहन कायद्यानं तिला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत ॲक्टिव्हा चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी चालते ती ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, आणि तशी गाडी आता बाजारात जवळपास उरलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे शाळा, क्लास, मैदान, वाचनालय, मैत्रिणीचं घर, इथे स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वेळेला जाण्यासाठी या मुलीकडे कायद्यानं एकच वाहन आहे : सायकल. सोसायटीच्या आवारात ती पाचव्या-सहाव्या वर्षी सायकल शिकते, भावाइतकीच झकास चालवते. फाटकाबाहेर मात्र तिला पाठवत नाहीत. सातवी-आठवीत भाऊ सायकलवरून क्लासला जायला लागतो आणि ती रिक्षाकाकांच्या किंवा आईच्या मागे बसते. मग ‘उशीर होईल, सोडायला कोणी नाही’ म्हणून एक क्लास सुटतो, खेळ सुटतो, नाटकाची तालीम सुटते. आणि तिला सोडण्या-आणण्यात आईचेही रोजचे दीड-दोन तास जातात. एका असुरक्षित रस्त्यानं दोघींचा दिवस असा खाल्लेला असतो. हे नुकसान कुठल्याच अहवालात येत नाही, कारण ‘न झालेला प्रवास’ कोणी मोजत नाही.

मार्च २०२३ मध्ये एसटीनं स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, तेव्हा कोणी बायकांना ‘प्रवासासाठी प्रोत्साहन’ म्हणून रॅली काढली नव्हती. अडथळा दूर झाला आणि बायका माहेरी, बाजाराला, देवाला निघाल्या. सायकलच्या बाबतीतही आम्हाला एवढंच म्हणायचं आहे : अडथळा शोधा आणि तो काढा.

तो कसा काढायचा? फार मोठ्या गोष्टी आम्ही मागत नाही. शहरभर तुकड्या-तुकड्यांचे मार्ग टाकण्याऐवजी एक शाळा निवडा आणि तिच्याभोवतीचा एक किलोमीटर पूर्ण करा. चौकांसकट, दिव्यांसकट, उभ्या गाड्या हटवून. तिथली मुलगी आईशिवाय सायकलवर शाळेत जाते का, हीच परीक्षा. मग दुसरी शाळा घ्या. सायकलींची मोजणी सकाळी नऊच्या गर्दीतच नको, दुपारी साडेबाराला शाळा सुटताना आणि संध्याकाळी सातला भाजीबाजारातही करा, आणि स्त्री-पुरुष वेगळे मोजा. मंडईपाशी, रेशन दुकानापाशी, दवाखान्यापाशी कुलूप लावता येईल असा सायकल-स्टँड द्या. मागे मुलाची सीट, पुढे टोपली, चेनकव्हर आणि डबलस्टँड असलेली साधी सायकल बचतगटांना हप्त्यानं मिळू द्या. आणि मोठ्या वयात शिकणाऱ्या बायकांसाठी महापालिकेच्या शाळांची मैदानं दुपारी उघडी ठेवा. हो, इथे प्रोत्साहन जरूर द्या. शिकताना पडणाऱ्या बाईला हात देणारी मैत्रीण लागतेच, आणि जे हे काम करत आहेत त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. फक्त शिकून झाल्यावर तिला ज्या रस्त्यावर सोडणार, तो रस्ता आधी बघून या.

पुढच्या वेळी कोणी ‘बायकांना सायकलसाठी प्रोत्साहन’ असा फलक लावला, तर त्याला विरोध करू नका. तिथे जा, रॅलीतही जा. फक्त आयोजकांना एक प्रश्न विचारा : उद्या, सोमवारी, वाहतूक चालू असताना, तुमच्या बारा वर्षांच्या मुलीला याच रस्त्यावरून सायकलवर शाळेत पाठवाल का? उत्तर ‘हो’ येईपर्यंत काम संपलेलं नाही, आणि ते काम त्या मुलीचं नाही. ते आपलं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.